चेक कोणाच्या हमीवर वटतो?

४ ऑक्टोबर २०२५ पासून देशात चेक वटवण्याची पद्धत बदलली. पूर्वी दिवसभरात जमा झालेले चेक एका गठ्ठ्याने क्लिअरिंगला, म्हणजे बँकांच्या आपसातल्या देवाणघेवाणीला, जात आणि पैसे साधारणपणे कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी हाती येत. आता दिवसाच्या ठरलेल्या वेळेत चेकची प्रतिमा तयार होईल तशी ती पुढे पाठवली जाते, आणि ज्या बँकेवर चेक काढलेला आहे तिने संध्याकाळी सातपर्यंत आपला होकार किंवा नकार कळवायचा असतो. सुरुवातीच्या दिवसांत अनेकांचे चेक अडकून पडले, तक्रारी झाल्या आणि वाद सुरू झाला. एका बाजूचे म्हणणे असे की बँकांनी घाईने ही व्यवस्था स्वीकारली. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की मोबाईलवरून क्षणात पैसे जात असताना चेक हवाच कशाला, तो बंदच करून टाकावा. दोन्ही बाजू वेगाबद्दल बोलत आहेत. पण नव्या नियमांत याहून महत्त्वाची एक तरतूद आहे: सातपर्यंत उत्तर आले नाही, तर तो चेक मंजूर झाला असे मानले जाते. बँकेच्या मौनालाही संमतीचे बळ आहे. अशा मौनातून एखादा खोटा चेक वटला, तर नुकसान कोणी सोसायचे?

माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट करतो. जी बँक ग्राहकाकडून कागदी चेक हातात घेते, त्याची प्रतिमा काढते आणि त्याच्या जोरावर दुसऱ्या बँकेकडून पैसे मागते, तिने त्या चेकची हमी घेतली पाहिजे. चेकमध्ये कोणताही फेरफार झालेला नाही आणि तो घेऊन आलेल्या माणसाला त्या पैशांवर हक्क आहे, ही ती हमी. हमी खोटी ठरली, तर त्या बँकेने पैसे परत करावेत. तिचा निष्काळजीपणा सिद्ध झाला की नाही, हा प्रश्नच उद्भवू नये. आपल्या कायद्यात अशी हमी नाही. आपल्याकडे आहे ते ‘योग्य काळजी घेण्याचे कर्तव्य’, आणि या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

हे अंतर मला पुस्तकातून कळलेले नाही. काही वर्षांपूर्वी मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार होतो. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचे १,८४,००० रुपये ठेकेदाराला द्यायचे होते. अध्यक्ष, सचिव आणि मी अशा तिघांच्या सह्यांचा, ‘अकाउंट पेयी’च्या दोन रेघा मारलेला चेक आमच्या माणसाने ठेकेदाराच्या कार्यालयाखालच्या टपालपेटीत टाकला. आठवड्याभराने ठेकेदाराचा फोन आला की चेक मिळालाच नाही. आमच्या पासबुकात मात्र पैसे गेल्याची नोंद होती. बँकेने आम्हाला त्या चेकची प्रतिमा दाखवली. सह्या आमच्याच होत्या, रक्कम तीच होती, फक्त नाव भलत्याच माणसाचे होते. त्या करड्या चित्रात नावामागे थोडी फिकट सावली दिसत होती, एवढेच. पुढे पोलीस ठाण्यात मूळ चेक पाहिला, तेव्हा तो ट्यूबलाइटखाली तिरपा धरताच कोणालाही कळले असते: नावाच्या ओळीवर कागद खरबरीत झाला होता, मागची बारीक छपाई तेवढ्याच पट्ट्यात पुसली गेली होती आणि नव्या नावाची शाई सह्यांच्या शाईहून काळी होती. हा कागद आमच्या बँकेने कधी पाहिलाच नव्हता. तो पाहिला होता चेक भरून घेणाऱ्या बँकेने, जिने त्या नव्या नावाने जेमतेम महिनाभरापूर्वी खाते उघडून दिले होते.

त्यानंतर दोन्ही बँकांची पत्रे आली. आमच्या बँकेने लिहिले की प्रतिमेत फेरफार दिसत नव्हता, सह्या जुळत होत्या, म्हणून चेक रीतसर वटवला. दुसऱ्या बँकेने लिहिले की खाते आवश्यक कागदपत्रे घेऊनच उघडले होते, आणि चेक नेहमीच्या पद्धतीने तपासून पाठवला. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही पत्रे अगदीच बिनबुडाची नव्हती, हे मला नंतर समजले आणि त्याचाच जास्त त्रास झाला. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ म्हणजे चेक आणि हुंड्यांचा कायदा; त्याच्या कलम ८९ नुसार, फेरफार वरकरणी दिसत नसेल आणि बँकेने चेक रीतसर वटवला असेल, तर ती जबाबदारीतून मुक्त होते. चेक वसूल करणाऱ्या बँकेला कलम १३१ नुसार संरक्षण मिळते. अट एवढीच की तिने सद्भावनेने आणि निष्काळजीपणा न करता काम केलेले असावे. दोन्ही कलमे स्वतंत्रपणे वाचली तर न्याय्य वाटतात. ती एकाच चेकला लागू झाली की मात्र दोन्ही बँका सुटतात आणि ज्याने काहीच चूक केली नाही तो खातेदार मध्ये सापडतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, हा प्रकार इथे कोणाच्या दुष्टपणामुळे होत नाही. कायद्याच्या रचनेतूनच होतो.

१८८१ मध्ये ही रचना समजण्यासारखी होती, कारण तेव्हा चेक स्वतः प्रवास करत असे. शेवटी तो ज्या बँकेवर काढला तिच्या टेबलावर पोहोचे आणि तिथला कारकून तो उजेडात धरून पाहू शकत असे. तेव्हाही प्रश्न सोपे नव्हते. बँक ऑफ महाराष्ट्र आणि ऑटोमोटिव्ह इंजिनिअरिंग कंपनी यांच्या खटल्यात १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असाच प्रश्न आला होता. तिथला फेरफार साध्या डोळ्यांना दिसणारा नव्हता, आणि शाखेने अतिनील दिव्याखाली चेक तपासला नाही एवढ्यावरून बँकेला निष्काळजी म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्या काळाच्या मानाने तो निकाल मी समजू शकतो. पण त्या बँकेच्या हातात निदान कागद तरी होता. चेक ट्रंकेशन पद्धत २००८ मध्ये दिल्लीत, २०११ मध्ये चेन्नईत आणि २०१३ मध्ये मुंबईत आली, आणि तेव्हापासून कागद पहिल्या बँकेतच थांबतो. पुढे जातात त्या पुढच्या बाजूच्या दोन आणि मागच्या बाजूची एक अशा तीन प्रतिमा, आणि त्याही रंगांशिवाय. चेकच्या कागदातले जलचिन्ह किंवा केवळ अतिनील दिव्यात दिसणारे बँकेचे बोधचिन्ह त्या प्रतिमेत कसे तपासणार? चेक सुरक्षित व्हावा म्हणून जी वैशिष्ट्ये ठरवली गेली, त्यांतली बरीचशी फक्त कागद हातात असलेल्यालाच तपासता येतात. तपासण्याची सगळी शक्ती एका बँकेकडे गेली, जबाबदारी मात्र त्या प्रमाणात तिच्याकडे सरकली नाही.

‘कोण तपासू शकत होते?’ हा प्रश्न या कायद्यात फार जुना आहे. १७६२ साली लंडनमध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढे प्राइस विरुद्ध नील हा खटला चालला. प्राइसवर काढलेल्या, म्हणजे त्याने पैसे द्यावेत असा लेखी आदेश असलेल्या, दोन हुंड्यांवर काढणाऱ्याची सही खोटी होती. प्राइसने त्यांचे पैसे दिले, नीलने ते निर्मळ मनाने घेतले, आणि खोट्या सह्या करणाऱ्याला पुढे फाशी झाली. प्राइसने पैसे परत मागितले, तेव्हा मॅन्सफील्ड यांनी नकार दिला: ज्याच्यावर हुंडी काढली आहे त्याने काढणाऱ्याचे हस्ताक्षर ओळखले पाहिजे, कारण ते ओळखण्याची संधी त्यालाच होती. खोट्या सहीचा भार पैसे देणाऱ्या बँकेवर टाकणारा नियम याच विचाराचा आहे, आणि आपल्याकडेही तो पक्का आहे. कॅनरा बँक आणि कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन यांच्या खटल्यात कंपनीच्याच हिशेबनिसाने ४२ चेकांवर खोट्या सह्या करून तीन लाखांहून अधिक रक्कम काढली होती. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नुकसान बँकेवर टाकले. मग हाच न्याय फेरफाराला लावायला काय हरकत आहे? सही ओळखण्याची संधी पैसे देणाऱ्या बँकेला असते, म्हणून खोटी सही तिच्या माथी. खाडाखोड आणि धुतलेली शाई ओळखण्याची संधी कागद घेणाऱ्या बँकेला असते, तर फेरफार तिच्या माथी का नको?

इंग्लंडने इथे वेगळी वाट धरली आणि आपण तिच्याच मागे गेलो. १८५३ च्या मुद्रांक कायद्याने तिथल्या बँकांना असे संरक्षण दिले की चेकच्या मागची, म्हणजे तो पुढे सोपवणाऱ्याची, सही खोटी निघाली तरी रीतसर पैसे देणाऱ्या बँकेला धरता येऊ नये. रोज हजारो अनोळखी सह्या कशा तपासायच्या, ही बँकांची अडचण खरी होती. आपल्या १८८१ च्या कायद्याचे कलम ८५ त्याच वळणाचे आहे. अमेरिकेने ही सवलत कधीच स्वीकारली नाही. तिथल्या एकरूप व्यापारी संहितेचे पहिले अधिकृत रूप १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तिच्यानुसार चेक पुढे पाठवणारा प्रत्येक जण पैसे देणाऱ्या बँकेला हमी देतो: मला हे पैसे वसूल करण्याचा अधिकार आहे, चेकमध्ये फेरफार झालेला नाही, आणि काढणाऱ्याची सही अनधिकृत असल्याचे मला माहीत नाही. शेवटच्या हमीत ‘मला माहीत नाही’ एवढेच शब्द आहेत, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. मॅन्सफील्ड यांचा न्याय तिथे शाबूत आहे. पहिल्या दोन हम्या मात्र बिनशर्त आहेत. परिणामी फेरफार केलेला चेक वटला तर खातेदाराच्या खात्यावर मूळ मजकुराहून अधिक बोजा टाकता येत नाही; त्याची बँक पैसे चेक भरून घेणाऱ्या बँकेकडून वसूल करते, आणि ती बँक आपल्या ग्राहकाला धरते. तोटा पायरीपायरीने मागे जात, चोराशी ज्याने व्यवहार केला त्याच्यापाशी थांबतो.

प्रतिमांचे युग आले तेव्हा दोन देशांनी काय केले, ही तुलना मला सर्वांत बोलकी वाटते. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत विमाने जमिनीवर थांबली आणि कागदी चेकांची वाहतूक ठप्प झाली. त्यातून २००३ चा कायदा झाला आणि ऑक्टोबर २००४ पासून चेकच्या प्रतिमेवरून छापलेली प्रत मूळ चेकच्या जागी चालू लागली. त्याच कायद्यात अशी प्रत काढणाऱ्या बँकेवर हमी टाकलेली आहे की एकाच चेकचे पैसे कोणाला दोनदा द्यावे लागणार नाहीत. शिवाय अशा प्रतीमुळे नुकसान झाल्याची तक्रार ग्राहकाने केली आणि बँकेची चौकशी दहा कामकाजाच्या दिवसांत पुरी झाली नाही, तर २,५०० डॉलरपर्यंतची रक्कम आधी खात्यात जमा करायची आणि चौकशी नंतर चालू ठेवायची. पुढे लोक मोबाईलने फोटो काढून चेक भरू लागले, तेव्हा जुलै २०१८ पासून फोटो स्वीकारणाऱ्या बँकेवर भरपाईची जबाबदारी आली. अमेरिकेत राहणारे आपले लोक चेकच्या मागे ‘फक्त मोबाईलवरून भरण्यासाठी’ असे लिहितात, ते याच नियमामुळे. आपल्याकडे १८८१ च्या कायद्यात २००२ ची दुरुस्ती झाली. तिने कागद घेणाऱ्या बँकेवर कर्तव्य टाकले, हे मान्य केलेच पाहिजे: चेक वरकरणी अस्सल आहे ना, आणि योग्य काळजीने व सामान्य दक्षतेने कळेल असा फेरफार त्यावर दिसतो का, हे तिने पाहायचे. पण धुतलेला चेक ‘वरकरणी’ चांगलाच दिसावा यासाठी तर धुणारा कसब पणाला लावतो. चोर जितका कुशल, तितकी बँक सुरक्षित, असा या शब्दांचा अर्थ होतो.

हमीची कल्पना परदेशी आहे, असे कोणी म्हणेल तर त्याने आपल्याच बाजारपेठेकडे पाहावे. शाहजोग हुंडीचे पैसे कोणाही अनोळखी माणसाला मिळत नसत. ते शाहाला, म्हणजे बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्याला द्यायचे असत. मुंबईच्या बाजारातली रूढी अशी होती की हुंडी खोटी निघाली, तर ज्या शाहाने पैसे घेतले त्याने ते व्याजासह परत करावेत, नाहीतर मूळ लबाडाला हजर करावे. ‘मी नीट पाहिले होते’ हा त्याचा बचाव होऊ शकत नसे. पैसे देणारी पेढी अनोळखी गावातल्या माणसावर विश्वास ठेवत नव्हती, ती शाहाच्या पतीवर विश्वास ठेवत होती, आणि पतीची किंमत म्हणून शाह जोखीम उचलत होता. १८८१ च्या कायद्याने देशी भाषांतल्या हुंड्यांच्या रूढींना हात लावला नाही, हे त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलेले आहे. म्हणजे सराफकट्ट्यावर जो नियम चालत होता तो बँकांच्या काउंटरवर आला नाही. आजची चेक भरून घेणारी बँक त्या शाहाहून कमी पतीची आहे का?

या मताविरुद्ध जे बोलले जाते त्यात तथ्य आहे. सर्वांत वजनदार आक्षेप पॉझिटिव्ह पे या सोयीबद्दलचा आहे. १ जानेवारी २०२१ पासून ५०,००० रुपये व त्यावरच्या चेकचा क्रमांक, तारीख, नाव आणि रक्कम आधीच बँकेला कळवता येते, आणि क्लिअरिंगमध्ये आलेला चेक त्या माहितीशी ताडून पाहिला जातो. आमच्या संस्थेने ही सोय घेतली असती, तर तो चेक वटलाच नसता. ही आमची चूक होती आणि मी ती नाकारत नाही. पण याच सोयीला जोडलेली अट पाहा: क्लिअरिंगच्या वाद-निवारण यंत्रणेत या पद्धतीचे पालन केलेल्या चेकांचेच वाद घेतले जातात. खातेदाराला जी सोय ऐच्छिक म्हणून दिली, ती न घेतल्याबद्दल त्याचे दार मात्र बंद होते. ज्या आजोबांना पेन्शनच्या खात्याचा चेक लिहिता येतो पण बँकेच्या ॲपमध्ये तो नोंदवता येत नाही, त्यांनी काय करायचे? शिवाय सुरक्षेची कुलपे वाढवावीत हे ठीक, पण कुलूप न लावलेल्या घरात चोरी झाली म्हणून चोरीचा माल घेणारा निर्दोष ठरत नाही.

दुसरा आक्षेप छोट्या बँकांचा, आणि महाराष्ट्रात तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इथल्या अनेक नागरी सहकारी बँका मोठ्या बँकेच्या आधाराने क्लिअरिंगमध्ये सहभागी होतात. त्यांच्यावर बिनशर्त हमी टाकली तर पाच-दहा मोठे खोटे चेक त्यांचे वर्षाचे गणित बिघडवतील, आणि मग त्या नव्या खातेदाराचा चेक घेण्याचेच टाळतील, अशी भीती व्यक्त होते. भीती खरी आहे, उपाय मात्र चुकीचा सुचवला जातो. हीच छोटी बँक रोज पैसे देणारी बँकही असते. तिच्या ग्राहकाचा चेक दुसरीकडे कुठे धुतला गेला, तर हमीचा फायदा तिलाच होतो. आणि नवीन खात्यात आलेल्या मोठ्या चेकचे पैसे काही दिवस रोखून धरण्याची मुभा देता येते. अमेरिकेने १९८७ च्या कायद्याने पैसे कधी मोकळे करायचे याच्या मुदती बांधल्या आणि नव्या खात्यांसाठी त्या शिथिल केल्या. म्हणजे हमी आणि ग्राहकाची सोय यांचा मेळ बसतो. नव्या पद्धतीत तर हिशेब मिटल्यावर तासाभरात ग्राहकाला पैसे द्यायचे आहेत. मोठी रक्कम आणि नुकतेच उघडलेले खाते या दोन गोष्टी एकत्र आल्या, तर एवढी घाई कोणाच्या भल्याची?

तिसरा आक्षेप असा की हमीमुळे खातेदार बेफिकीर होतील. १९१८ मध्ये इंग्लंडच्या उमरावसभेपुढे आलेल्या एका खटल्यात पेढीच्या कारकुनाने दोन पौंडांचा म्हणून सही घेतलेला चेक १२० पौंडांचा केला होता, कारण आकड्याच्या आजूबाजूला जागा मोकळी होती आणि अक्षरी रक्कम लिहिलेलीच नव्हती. तोटा पेढीला सोसावा लागला. तो निकाल मला मान्य आहे आणि हमीच्या नियमातही तो तसाच राहावा. याहून एक पाऊल पुढे जाऊन, अनेक ग्राहकांना आवडणार नाही असे मी म्हणेन: पासबुक तपासण्याचे कर्तव्य खातेदारावर नाही, ही कॅनरा सेल्सच्या निकालातली भूमिका आज बदलायला हवी. प्रत्येक व्यवहाराचा संदेश मोबाईलवर येत असताना वर्षानुवर्षे गप्प बसण्याचा हक्क कोणाला असू नये. अमेरिकेत वर्षभरात तक्रार केली नाही, तर खोट्या सहीबद्दलही बँकेकडे मागता येत नाही. हमी मागायची असेल, तर मुदत पाळण्याची तयारीही हवी.

चेक संपतच आला आहे, मग एवढा खटाटोप कशाला, असे म्हणणाऱ्यांना फक्त एक विसंगती दाखवतो. ऑनलाइन व्यवहारात तिसऱ्याच कोणी फसवले, आणि चूक ना बँकेची ना ग्राहकाची असली, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य, असे रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये सांगितले. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, आणि रक्कम दहा कामकाजाच्या दिवसांत खात्यात तात्पुरती जमा करायची आहे. चेकसाठी यातले काहीच नाही. फ्लॅटचा व्यवहार, संस्थेची दुरुस्ती, कोर्टातली अनामत, ट्रस्टची देणगी अशा मोठ्या रकमा अजून कागदावरून जातात, आणि त्या लिहिणाऱ्यांत वयस्कर माणसे पुष्कळ आहेत. ज्याच्या हाती मोबाईल आहे त्याला कवच, आणि ज्याच्या हाती पेन आहे त्याने दोन बँकांशी झगडायचे?

यासाठी सगळेच संसदेकडे न्यावे लागत नाही. कलम ८९ बदलायचे तर कायदादुरुस्ती हवी, आणि ती व्हावी. पण बँकांच्या आपसातली हमी क्लिअरिंगच्या नियमांत घालता येते. २००७ च्या देयक व निपटारा प्रणाली कायद्याने रिझर्व्ह बँकेला तसे निर्देश देण्याचा अधिकार दिलेला आहे. चेक येतील तसे पुढे पाठवण्याच्या या नव्या, सलग क्लिअरिंगच्या दुसऱ्या टप्प्याच्या आराखड्यात पैसे देणाऱ्या बँकेला उत्तरासाठी प्रत्येक चेकमागे तीनच तास आहेत. रंग नसलेल्या प्रतिमेवरून तीन तासांत निर्णय घ्यायचा, आणि नाही घेतला तर मंजूर. तो टप्पा अमलात आणण्याआधी फेरफार झालेला नसल्याची आणि खाते योग्य माणसाचे असल्याची हमी कागद घेणाऱ्या बँकेकडून लिहून घ्यावी.

आमच्या संस्थेत ४६ घरे आहेत. ठेकेदाराला पुन्हा पैसे देण्यासाठी प्रत्येकाने ४,००० रुपये दोन हप्त्यांत भरले. त्या सभेत दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजींनी मला विचारले, “अहो, नाव खोडलेला कागद ज्यांनी हातात घेतला, त्यांनी किती भरले?” मी खजिनदार म्हणून इतिवृत्तात त्यांचा प्रश्न लिहून ठेवला. उत्तराच्या जागी लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.